संडास जोडलेला गोबरगॅस: पूर्णेच्या काळ्या मातीत तीन पावसाळे

आमच्या घरामागचा सेप्टिक टँक 2022 च्या पावसाळ्यात पुन्हा तोंडापर्यंत भरला, तेव्हा मैला उपसणारी टँकरची गाडी बोलावली आणि दोन हजार रुपये मोजून मोकळा झालो. चार-पाच दिवसांनी नाल्याकडच्या वावरात तूर पाहायला गेलो, तर गाडीवाट जिथे नाल्याला टेकते तिथे, अगदी आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून, काळपट गाळाचा पट्टा पसरलेला होता आणि त्यात पुतण्याच्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरचे लाल चाक रुतलेले होते. ते चाक त्याने त्याच उन्हाळ्यात संडासात टाकले होते आणि त्यावरून घरात बरीच रडारड झाली होती, त्यामुळे ओळखण्यात चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. दोन हजार रुपये देऊन मी स्वतःचाच मैला घरामागून उचलून स्वतःच्याच धुऱ्यावर आणून टाकला होता.

शौचालय जोडलेला, रोज दोन घनमीटर गॅस देऊ शकणारा गोबरगॅस बांधायचे तेव्हा ठरले. मार्च 2023 मध्ये बांधकाम पूर्ण झाले आणि त्यानंतर त्याने तीन पावसाळे पाहिले. या काळात नात्यातले, शेजारचे आणि पंचक्रोशीतले बरेच जण तो बघायला आले. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘सिलिंडर बंद झाला का?’ हाच होता. माझ्या मते या वस्तूकडे बघण्याची दिशाच त्या प्रश्नाने चुकते. संडास जोडलेला गोबरगॅस हे आधी मैल्याची विल्हेवाट लावण्याचे साधन आहे. गॅस हे त्यावरचे व्याज समजावे, आणि ते व्याजही मुख्यतः शेणाचे असते, माणसाचे नव्हे. ज्यांना हे आधी कळले ते समाधानी राहतात. ज्यांना बांधकाम करणाऱ्याने ‘घरच्या संडासावर घरचा स्वयंपाक’ असे सांगितलेले असते, ते वर्षभरात शेगडी गुंडाळून ठेवतात.

आमचे गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारे असलेल्या पट्ट्यात आहे. इथली माती खोल, चिकण आणि काळीभोर आहे. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून बसते आणि खाली सोडत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरमाड जमिनीच्या गावांत सेप्टिक टँकचे पाणी शोषखड्ड्यात सहज जिरते, तेच इथे जिरत नाही, म्हणून टँक दीड-दोन वर्षांतच भरतो आणि शोषखड्डा हा नुसता दुसरा टँक होऊन बसतो. नकाशात कागदोपत्री सगळे बरोबर असते. माती मात्र नकाशा वाचत नाही. हागणदारीमुक्तीच्या काळात आमच्याकडे संडास भराभर बांधले गेले, पण भरलेल्या टाकीतला मैला पुढे जाणार कुठे, हा प्रश्न टँकरवाल्यावर सोडून सगळे निश्चिंत झाले.

आम्ही निवडलेला नमुना ‘दीनबंधू’ म्हणून ओळखला जातो. तो 1984 च्या सुमारास पुढे आला. जमिनीखाली विटांचा घुमट असतो, वर तरंगणारी लोखंडी टोपी नसते, त्यामुळे गंजण्यासारखे काही राहत नाही आणि खर्चही कमी येतो. घुमटात गॅस साठू लागला की तो आतली स्लरी, म्हणजे शेण-पाण्याचा काला, दाबून बाहेरच्या टाकीत चढवतो, आणि आपण शेगडीची चावी उघडली की तीच स्लरी परत खाली येऊन गॅसला रेटते. म्हणून सकाळी ज्योत जोरकस असते आणि गॅस वापरत गेले तशी ती मऊ होत जाते. खादी ग्रामोद्योगाच्या तरंगत्या टोपीच्या जुन्या नमुन्यात दाब एकसारखा राहत असे. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

संडासाची जोडणी वेगळ्या नळाने थेट पाचक टाकीत, म्हणजे शेण कुजते त्या घुमटाखालच्या टाकीत केलेली आहे. नळाचे आतले तोंड स्लरीच्या पातळीखाली बुडालेले असल्यामुळे गॅस उलटा संडासात येत नाही. भांडे तीव्र उताराचे ग्रामीण पद्धतीचे बसवले, कारण त्याला दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. प्रत्येक वेळी बादलीभर पाणी ओतले, तर टाकीतला काला पातळ होतो, आत मुरण्याचा काळ कमी होतो आणि अर्धवट कुजलेला मैला बाहेरच्या टाकीत येतो. महाराष्ट्राच्या हवामानासाठी शेणाच्या संयंत्रात 40 दिवसांचा मुक्काम धरतात. मैला जोडायचा असेल तर तो जितका वाढवता येईल तितका चांगला. आंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी या टाकीत चुकूनही सोडू नये.

पहिल्या भरणीला दोन टनांच्या आसपास शेण लागले. आमच्या कोठ्यात तेव्हा बैलजोडी, एक गाय आणि एक म्हैस होती, तरी निम्मे शेण आळीतल्या लोकांकडून आणावे लागले. सुरुवातीचा गॅस पेटला नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच अधिक असतो, आणि तो तसाच सोडून द्यावा लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. विसाव्या दिवशी निळी ज्योत आली. शेगडी बायोगॅसचीच हवी. सिलिंडरच्या शेगडीची छिद्रे बारीक असतात, तिच्यावर हा गॅस धड जळत नाही.

आता हिशेबाकडे येतो, कारण सगळा गैरसमज इथेच आहे. ‘सुलभ’ या संस्थेच्या सार्वजनिक शौचालयांवरच्या संयंत्रांच्या अनुभवातून आलेला ठोकताळा असा आहे की एका माणसाच्या रोजच्या मैल्यापासून साधारण एक घनफूट गॅस मिळतो. आमच्या घरात सहा माणसे आहेत, म्हणजे सहा घनफूट झाले. घरगुती बायोगॅस शेगडीचे एक बर्नर तासाला सोळा घनफुटांच्या आसपास गॅस खाते. याचा अर्थ सहा माणसांच्या मैल्यावर एक बर्नर बावीस-तेवीस मिनिटे चालेल आणि त्यात दोन वेळचा चहा होईल. वरण-भात, पोळ्या, भाजी हे सारे शेणावर अवलंबून आहे. 25 किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो आणि तेवढ्या गॅसमध्ये 430 ते 450 ग्रॅम एलपीजीइतकी उष्णता असते. या आकड्यांपुढे माणसाचा वाटा किती, ते ज्याने-त्याने आपल्या कोठ्याकडे पाहून ठरवावे.

आमच्या कोठ्यातले चित्रही बदलले आहे. ट्रॅक्टरने बैलांचे काम उरू दिले नाही आणि 2024 च्या खरिपानंतर आम्हीही जोडी विकली. आता गाय आणि म्हैस मिळून रोज पंचवीस किलोच्या आतबाहेर शेण मिळते. पूर्ण क्षमतेसाठी पन्नास किलो हवे. म्हणजे संयंत्र निम्म्या पोटी चालते आहे. एप्रिल-मे मध्ये पारा 45 अंशांच्या पुढे गेला की तेवढ्या शेणातही गॅस भरपूर होतो, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी पडली की सकाळचा चहा झाल्यावर ज्योत पिवळसर होऊन बसते. आतले जिवाणू तीस ते पस्तीस अंशांत खूश असतात आणि वीसच्या खाली आळशी होतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र विक्रीच्या वेळी हे हिवाळ्याचे गणित कुणी मांडत नाही.

आईचा विरोध गॅसला नव्हता, त्याच्या कुळाला होता. पहिल्या दिवशी शेगडी पेटली तेव्हा तिने पदर सावरून ज्योतीकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘चहा कराचा तं करा. पन त्या गॅसवर देवाचा निवद शिजनार नाही, सांगून ठेवतो.’ मी तिला मिथेनचे रसायन समजावून सांगण्याच्या भानगडीत पडलो नाही. ज्योतीला वास येत नाही, हे तिने स्वतःच हुंगून पाहिले. न जळलेल्या गॅसला मात्र कुजक्या अंड्याचा वास येतो, तो त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तोच वायू पितळेच्या चाव्या काळ्या करतो आणि बर्नरला खातो. दोन चाव्या आतापर्यंत बदलाव्या लागल्या. या विषयात घृणा हाच खरा अडथळा असतो, हे महाराष्ट्रात जुन्या लोकांनी ओळखले होते. तुरुंगात मैला साफ करण्याचे काम आपल्याला मिळावे असा आग्रह कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी धरला होता आणि त्यांच्या मागणीसाठी 1932 मध्ये गांधीजींनी येरवड्यात उपवास केला होता. पुढे अप्पासाहेबांनी कोकणात मैल्याच्या खताचे आणि गॅसचे प्रयोग केले. त्यांच्या वाटेने जाणारे देहूचे डॉ. मापुसकर यांनी तर केवळ मैल्यावर चालणारे ‘मलप्रभा’ हे संयंत्र उभे केले. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात तर 1897 मध्येच मैल्यापासून गॅस काढला जात होता. म्हणजे तंत्र सव्वाशे वर्षांचे आहे, नवे काही नाही.

पहिल्या दिवाळीत आमच्याकडून मोठी चूक झाली. घराची साफसफाई चालू असताना वहिनीने संडासाचे भांडे चकचकीत करण्यासाठी ॲसिडची अख्खी बाटली ओतली आणि पाठोपाठ फिनाइल. तिसऱ्या दिवशी ज्योत लहान झाली, सहाव्या दिवशी पेटेनाशी झाली. ऐन पाहुण्यांच्या गर्दीत चूल पेटवून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, जाळायची वेळ आली. संयंत्र पूर्वपदावर यायला सुमारे तीन आठवडे गेले. चूक वहिनीची नव्हती, कारण संडास कशाने धुवायचा हे कुणी सांगितलेच नव्हते. आता राख, ब्रश आणि अगदी थोडा साबण एवढ्यावर काम चालते, आणि पाहुण्यांसाठी दारावर खडूने लिहून ठेवले आहे.

दुसरी चूक मात्र सरळ बांधणाऱ्याची होती. काळ्या मातीत घुमट बांधताना खड्डा मोठा घेऊन चारी बाजूंनी मुरूम भरायचा असतो, म्हणजे फुगणारी माती विटकामाला थेट भिडत नाही. आमच्या ठेकेदाराने मुरमाचे पैसे घेतले आणि वरवर दोन ट्रॉल्या टाकून, उरलेली जागा खणलेल्या काळ्या मातीनेच बुजवली. पहिला पावसाळा निभावला. 2024 च्या सप्टेंबरात गॅस अर्ध्यावर आला. शेण तेवढेच, ऊनही बरे, मग गॅस जातो कुठे म्हणून घुमटाच्या माथ्यावरची माती दूर करून साबणाचे पाणी ओतले, तर केसाएवढ्या रेषेतून बुडबुड्यांची माळच उठली. दुधाला उकळी फुटताना कडेला बारीक फेस येतो, तसे ते दिसत होते. ठेकेदाराला सतरा वेळा फोन केला. तीन वेळा त्याने ‘उद्या येतो’ असे सांगितले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. पाच वर्षांच्या देखभालीची जी लेखी हमी होती, ती कागदाच्या किमतीचीही ठरली नाही. त्या सेवेला मी शून्य गुण देतो.

दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करावी लागली आणि या वेळी टँकरवाल्याला मैला आमच्या डोळ्यांदेखत आमच्याच नाडेप हौदांत, म्हणजे खत कुजवायच्या हौदांत, आणि शेतातल्या खड्ड्यात सोडायला लावला. टाकीत माणूस लगेच उतरवायचा नाही, हे इथे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. रिकाम्या टाकीतही विषारी वायू तळाशी बसलेला असतो आणि माणूस एका श्वासात बेशुद्ध पडतो. सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गोबरगॅसची टाकी वायूच्या बाबतीत त्याहून सौम्य नाही. आम्ही झाकण उघडे ठेवून, पंख्याने हवा खेळवून आठवडाभर थांबलो, जवळपास विडीसुद्धा पेटू दिली नाही, आणि मगच दुसऱ्या गावच्या अनुभवी मिस्त्रींनी आतून गिलावा केला. मिस्त्रींनी आधी भोवतीची काळी माती काढायला लावली, मुरूम भरला आणि मग थापी हातात घेतली. ‘भाऊ, घुमट नाही फुटला, माती फुटली,’ एवढेच ते बोलले. नऊ हजार रुपये गेले, पण त्यानंतरच्या पावसाळ्यात रेघही उमटली नाही.

पैशांचा हिशेब असा आहे. बांधकामाला एकूण बावन्न हजार लागले. सरकारी अनुदानात शौचालय जोडल्याबद्दल तेव्हा 1600 रुपये वेगळे मिळाले. सगळे अनुदान वजा करून आणि दुरुस्ती मिळवून पंचेचाळीस हजारांच्या घरात खर्च आला. पूर्वी वर्षाला दहा सिलिंडर लागत, आता चार लागतात. केवळ सिलिंडरच्या हिशेबाने पैसे फिटायला आठ वर्षे जातील. टँकरचे पैसे आणि खत धरले तर ती मुदत बरीच खाली येते, पण या गणितात मी फार रमत नाही, कारण धुऱ्यावरच्या त्या गाळाची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची, ते मला अजून कळलेले नाही.

खताबद्दल थोडे सांगितले पाहिजे. बाहेर येणारी स्लरी काळपट-हिरवी, पातळ आणि जवळजवळ वास नसलेली असते, म्हणून ती निर्धोक आहे असे समजू नये. चाळीस दिवसांच्या मुक्कामात बरेच रोगजंतू मरतात, पण जंताची अंडी चिवट असतात. आम्ही ती स्लरी थेट पिकाला देत नाही. पुसदच्या नाडेप काकांच्या, म्हणजे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या पद्धतीच्या हौदात तुराट्यांचे तुकडे, पालापाचोळा आणि माती यांच्या थरांवर ती ओततो आणि कुजायला पूर्ण हंगाम देतो. ते खत कपाशीला आणि तुरीला जाते, मेथी-पालकाच्या वाफ्याला कधीच नाही. चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट, वावराचा पोत दोन वर्षांत थोडा भुसभुशीत झाला, हे मी नांगरणीच्या वेळी पायाखाली पाहिले आहे.

येणाऱ्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न असतो, की जुना सेप्टिक टँक उपसून त्यातला गाळ यात टाकला तर चालेल का. त्याचा फारसा उपयोग नाही. दीड-दोन वर्षे टाकीत पडलेल्या गाळातला बहुतेक मिथेन आधीच वाऱ्यावर गेलेला असतो. जळण म्हणून ताजा मैलाच मोलाचा, शिळा नव्हे. गाळ वाळवून त्याचे जळण करता येते, हेही खरे आहे. कोरड्या मैल्यात किलोमागे सतरा मेगाज्यूलच्या आसपास, म्हणजे लाकडाच्या जवळ जाणारी उष्णता असते आणि केनियात नैवाशाला त्याच्या कांड्या करून विकल्याही जातात. पण टँकरमध्ये जो माल येतो त्यात गाळ नाममात्र आणि पाणीच फार असते, तेव्हा ते पाणी काढण्यातच सगळा जीव जातो. साताऱ्यातल्या वाईमध्ये नगरपालिकेचे रोज सत्तर हजार लिटर मैला हाताळण्याची क्षमता असलेले केंद्र आहे. तिथे गाळ वाळवून, कमी हवेत तापवून त्याचा कोळसा करतात. ते काम शहराच्या पातळीवर शोभते. आमच्या तालुक्यात वैशाखातले ऊन फुकट आहे, त्यामुळे वाळवणीची खाचरे आणि टँकरला ठरलेली एक जागा एवढे जरी झाले, तरी निम्मा प्रश्न सुटेल. ते एकट्या घराचे काम नाही.

मग हा गोबरगॅस कुणी बांधावा? ज्यांच्या कोठ्यात किमान दोन दुभती जनावरे आहेत, रोज सकाळी शेण-पाणी कालवायला घरात एक माणूस न कुरकुरता तयार आहे आणि ज्यांचा शोषखड्डा आमच्यासारखा निकामी आहे, त्यांनी जरूर बांधावा. मुरमाड जमीन असेल आणि जनावर नसेल, तर साधे दोन खड्ड्यांचे शौचालय कितीतरी स्वस्त आणि कमी कटकटीचे आहे. तिथे हा खर्च करू नये. बांधायचाच असेल तर ठेकेदाराचे जुने काम, तेही दोन पावसाळे उलटलेले, स्वतः जाऊन पाहावे आणि मुरमाच्या ट्रॉल्या मोजून घ्याव्यात. गॅसच्या नळीच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची चावी बसवून घ्यावी. आमच्याकडे ती विसरली होती आणि पावसाळ्यात नळीत पाणी साचून ज्योत उचक्या दिल्यासारखी उडत असे.

एकंदर वस्तूला मी पाचापैकी साडेतीन गुण देईन. गेल्या तीन वर्षांत टँकर फक्त दुरुस्तीपुरता दारात आला आणि धुऱ्यावर त्यानंतर गाळ पडलेला नाही, निदान आमचा तरी नाही. आईचा नियम अजून कायम आहे. चहा, भात, जनावरांचे आंबोण, आंघोळीचे पाणी सारे या गॅसवर होते. पोळ्याचे, महालक्ष्म्यांचे आणि दिवाळीचे रांधणे मात्र सिलिंडरवरच. वर्षाला जे चार सिलिंडर लागतात, त्यातला एक जवळजवळ पुरता देवांच्याच वाट्याला जातो.